दोन रकाने

ग्रिम्सबीच्या धक्क्यावर एकतीस वर्षं मी पेट्या मोजल्या.
पाटीवर चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी.
कॉड, हॅडॉक, प्लेस.
पेटीत असेपर्यंत ती मासळी,
एखादा घसरून ओल्या फरशीवर पडला
की तो मासा. मग तो आपल्याकडे बघायचा.
व्याकरण मला एवढंच ठाऊक होतं.

आता दर मंगळवारी, चर्चच्या मागच्या खोलीत
मी इंग्रजी शिकवतो. फुकट.
हीटर आहे. बिस्किटं आहेत.
फळ्यावर दोन रकाने आखतो:
मोजता येतं ते इकडे, येत नाही ते तिकडे.
खुर्ची इकडे, फर्निचर तिकडे.
बॅग इकडे, लगेज तिकडे.
आणि ॲडव्हाइस तिकडे, लोकांनी ती कितीही जणांकडून ऐकलेली असो.

रूटा दिवसभर बर्फातले मासे सोलून येते,
पेन धरताना तिची बोटं वळत नाहीत.
विचारते, हेअर का मोजायचे नाहीत?
डोक्यावरचे नाही, मी सांगतो. सूपमधला मोजायचा.
गिऱ्हाईक तो बरोबर मोजतं.
सगळे हसतात.

ग्लास म्हणजे काच. अलीकडे एक 'अ' ठेवला
की तिच्यात पाणी ओतता येतं.
पेपर म्हणजे कोरा कागद. पेपर्स म्हणजे—
मला माहीत आहे पेपर्स म्हणजे काय, गुलिस्तान म्हणते.
तिचे प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, पिशवी स्वेटरच्या आत,
आणि ज्या कचेरीला ती पत्रं लिहिते
तिथे ती खिजगणतीतही नाही.

असायलमवर मी अडखळलो.
शब्द एकटा आला तर आसरा.
आधी 'ॲन' लागला तर वेड्यांचं इस्पितळ.
माझी आत्या तसल्या एका इमारतीत नऊ वर्षं होती.
ते बोललो नाही.
फॉर्मवर ॲन लिहू नका, एवढंच म्हणालो.

हाब्तोम केरेनचा. कमी बोलतो.
परवा आपणहून म्हणाला, बोटीत मच पीपल होते.
मेनी, मी म्हणालो. सवयीने.
मच नाही, मेनी. माणसं मोजता येतात.
त्याने थोडा वेळ वहीकडे पाहिलं.
रात्र होती, टीचर. एकावर एक.
पाय कुणाचा, पाठ कुणाची, कळत नव्हतं.
मच पीपल.
सकाळी मोजता आलं.

खडू माझ्या हातात तसाच.
माझा भाऊ सिरिल ज्या ट्रॉलरवर गेला
त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात आलं होतं, ऑल हँड्स.
हात मोजले होते त्यांनी.
वीस माणसांचे वीस,
दर माणशी एक.
आणि दुसरा? आईने विचारलं होतं.
ज्याने बातमी वाचून दाखवली त्या शेजाऱ्यालाच विचारलं होतं,
जणू त्यानेच तो कुठेतरी ठेवला असावा.

हे मी वर्गात सांगितलं. का, ठाऊक नाही.
हाब्तोमला हँड्स समजायला वेळ लागला,
मग त्याने आपले दोन्ही टेबलावर ठेवले
आणि बघत बसला.
मच पीपल मी फळ्यावर लिहिलं,
दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरच. पुसलं नाही.

मग चहा.
केटलजवळून गुलिस्तान ओरडली, टीचर, साखर?
टू शुगर्स, मी म्हणालो.
खोली एकदम गप्प.
रूटाने वही उलटी करून माझ्यासमोर धरली.
गेल्या मंगळवारचं, लाल रेघ मारलेलं:
शुगर. मोजत नाहीत. एस लावू नये.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
टीचर, हाब्तोम म्हणाला,
आज पहिल्यांदाच त्याचे दात दिसले,
टीचर, मच शुगर की मेनी शुगर?

दोन, मी म्हणालो.
आणि जरा ढवळून दे.